पंचाने पाहिले नाही म्हणून

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील सिनसिनाटी येथील स्पर्धेत ब्रिटनचा जॅक ड्रेपर आणि कॅनडाचा फेलिक्स ओजे-अलियासीम यांच्यातील सामना ज्या फटक्याने संपला, तो फटका टेनिसच्या नियमांप्रमाणे वैध नव्हता. ड्रेपर जाळ्याकडे धावत आला. पायाशी पडलेला चेंडू त्याने उचलण्याचा प्रयत्न केला. चेंडू रॅकेटच्या कडेला लागून त्याच्याच बाजूच्या जमिनीवर आपटला आणि तेथून उसळून पलीकडे जाऊन पडला. चित्रफितीत हे स्वच्छ दिसते. पंचाला मात्र ते दिसले नाही. त्याने गुण ड्रेपरला दिला आणि तो अखेरचा गुण असल्याने सामनाही त्याच्या पदरात पडला. ओजे-अलियासीमने परोपरीने सांगून पाहिले. पण त्या स्पर्धेत चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय नव्हती. ड्रेपरचे म्हणणे असे की, त्याची नजर चेंडूवर नसून प्रतिस्पर्ध्यावर होती. नेमके काय घडले ते त्याला कळले नाही. चित्रफीत पाहता आली असती तर गुण पुन्हा खेळण्यास त्याची तयारी होती.

ड्रेपर खरे बोलत होता की नाही, याचा निवाडा करण्याचे येथे कारण नाही. दुसऱ्याच्या मनात शिरून पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि क्षणार्धात घडून गेलेली गोष्ट खेळाडूच्या ध्यानात न येणे अशक्यही नाही. प्रश्न वेगळा आहे आणि अधिक गंभीर आहे. एखाद्या खेळाडूला स्वतःचा नियमभंग पक्का ठाऊक असेल आणि तरीही तो तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहील, तर व्यावसायिक टेनिस त्याला काय म्हणते? उत्तर असे की, काहीही म्हणत नाही. पंचाने पाहिले नाही, म्हणून घडले नाही. घडले नाही, म्हणून दोष नाही. या तर्कटावर आज एका जगद्विख्यात खेळाची नीती उभी आहे.

सिनसिनाटीत शंकेला जागा होती. २००३ मध्ये पॅरिसला ती नव्हती. फ्रेंच स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात सेरेना विल्यम्स निर्णायक सेटमध्ये ४-२ अशी पुढे होती आणि आपल्या सर्व्हिसवर तिने ३०-० अशी आघाडी घेतली होती. तिने सर्व्हिस करण्याच्या क्षणी बेल्जियमच्या जस्टिन हेनिनने आपण तयार नसल्याची खूण म्हणून हात वर केला. सेरेनाची सर्व्हिस जाळ्यात गेली. समोरून हात वर झाला होता, तेव्हा पहिली सर्व्हिस पुन्हा मिळावी, असे ती पंचाला सांगत राहिली. पंचाने हात पाहिला नव्हता. ज्या व्यक्तीचा तो हात होता, ती काही पावलांवर उभी होती. तिने चकार शब्द काढला नाही. सेरेना सामना हरली. हेनिनने पुढे अंतिम सामना जिंकून विजेतेपद मिळवले आणि हात वर केल्याचे अनेक वर्षांनी मान्यही केले. त्या दिवशी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती गप्प राहणारीची नव्हे, तर दाद मागणारीची. अन्यायाविषयी बोलणारा माणूस कटकट्या ठरतो आणि अन्यायाचा लाभ मुकाट्याने खिशात घालणारा व्यवहारकुशल ठरतो, हा अनुभव सार्वजनिक जीवनात काम करणाऱ्यांना नवा नाही.

शिष्टाचार आहे, सदाचार नाही

शिष्टाचाराचा बडिवार टेनिसइतका क्वचितच दुसरा एखादा खेळ माजवत असेल. विम्बल्डनला कपडे पांढरेच हवेत आणि त्यांवरील रंगीत पट्टी एक सेंटिमीटरहून रुंद असता कामा नये, असा लेखी दंडक आहे. रॅकेट आपटली तर शिक्षा, अपशब्द तोंडून निघाला तर शिक्षा, दोन गुणांमध्ये ठरल्याहून अधिक वेळ घेतला तर शिक्षा. ‘खिलाडूवृत्तीला न शोभणारे वर्तन’ असे एक सैल कलमही आचारसंहितेत आहे. परंतु ठाऊक असलेला स्वतःचा नियमभंग दडवून ठेवणाऱ्यावर ते कलम चालवण्याची प्रथा नाही. पट्टीची रुंदी मोजणारी ही संस्था मौनाचे माप घेत नाही.

२०२५ च्या अमेरिकन स्पर्धेत या विसंगतीचे दर्शन झाले. लॅटव्हियाची येलेना ओस्टापेन्को अमेरिकेच्या टेलर टाउनसेंडकडून हरल्यावर तिच्याशी हुज्जत घालू लागली. तिची तक्रार काय होती? तर टाउनसेंडचा एक चेंडू जाळ्याच्या दोरीला लागून आत पडला आणि त्याबद्दल तिने हात वर करून दिलगिरी दाखवली नाही! यावरून एका कृष्णवर्णीय खेळाडूला शिक्षण नाही, असे ऐकवण्यापर्यंत मजल गेली. पुढे ओस्टापेन्कोने क्षमा मागितली, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण ज्या संकेतावरून एवढे रामायण घडले, त्याचे मोल तरी किती? दोरीला लागून पडलेला चेंडू नियमाने पूर्णपणे वैध असतो. दिलगिरीचा हात वर करणारा खेळाडू गुण परत देत नाही. ज्याला एक छदामही द्यावा लागत नाही, तो हा शिष्टाचार. चेंडू आपल्या अंगाला चाटून गेला, आपल्या बाजूला त्याचे दोन टप्पे पडले, आपला पाय जाळ्याला लागला, हे पंचाला आपण होऊन सांगणे हा सदाचार. त्याची किंमत रोख मोजावी लागते. टेनिसने पहिल्याचा आग्रह धरला आणि दुसरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला. उच्चभ्रू समाजाची नीती बहुधा अशीच असते: ताटातले काटे-चमचे जागच्या जागी हवेत, ताटातले अन्न कोणाचे हा प्रश्न कोणी विचारायचा नाही.

येथे एक नाजूक मुद्दा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. जुना काळ चांगला होता, तेव्हाचे खेळाडू सभ्य गृहस्थ होते आणि पैशाने सारे नासवले, अशी हळहळ या विषयावर हमखास ऐकू येते. तिच्यात अर्धसत्य आहे. म्हणूनच ती अधिक फसवी आहे.

जर्मनीचा गॉटफ्रीड फॉन क्रॅम हा त्या हळहळीचा आदर्श. १९३५ साली विम्बल्डनच्या मैदानावर जर्मनी आणि अमेरिका यांच्यात डेव्हिस चषकाची लढत चालू होती. दुहेरीच्या सामन्यात विजयासाठी एकच गुण हवा असताना त्याचा साथीदार काय लुंड याने निर्णायक फटका मारला. जर्मनांचा विजय जाहीर होणार, तोच क्रॅमने पंचाला सांगितले की, त्या फटक्याआधी चेंडू आपल्या रॅकेटला निसटता लागला होता. पंचाने ते पाहिले नव्हते, प्रतिस्पर्ध्यांनीही नाही. गुण गेला आणि पुढे सामनाही गेला. ज्या राजवटीला विजयाची हाव होती, तिच्या डोळ्यांदेखत त्याने हे केले. नाझी पक्षात जाण्यास त्याने नकार दिला होता. १९३८ मध्ये त्याच राजवटीने त्याला समलैंगिक संबंधांच्या आरोपाखाली तुरुंगात टाकले. क्रॅमच्या सचोटीपुढे नतमस्तक व्हावे, एवढी ती मोठी आहे.

परंतु त्याच काळात, त्याच विम्बल्डनवर, लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत क्रॅमला हरवणारा फ्रेड पेरी होता. क्रॅम जन्माने सरदार. पेरी गिरणीत सूत कातणाऱ्या कामगाराचा मुलगा. त्याचे वडील सॅम पेरी सहकारी चळवळीतून पुढे आले आणि मजूर पक्षाच्या बाजूने ब्रिटिश संसदेत बसले. पेरीने १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षे विम्बल्डन जिंकले आणि मग पोटासाठी उघडपणे पैसे घेऊन खेळण्याचे ठरवले. खिलाडूवृत्तीची पताका मिरवणाऱ्या क्लबने त्याचे सभासदत्व काढून घेतले. त्याच विम्बल्डनला त्याचा पुतळा १९८४ साली उभा राहिला, पहिल्या विजयानंतर पन्नास वर्षांनी! ‘हौशी’ खेळाडूंना टेबलाखालून पैसे देण्याचा परिपाठ मात्र १९६८ मध्ये व्यावसायिकांना दारे उघडेपर्यंत बिनदिक्कत चालू राहिला. म्हणजे ज्या काळाला प्रामाणिकपणाचे सुवर्णयुग म्हणतात, त्याची सारी व्यवस्थाच अप्रामाणिकपणावर उभी होती. घरची शेतीवाडी असलेल्यांनी बिनपैशाने खेळावे आणि त्याला सद्गुण म्हणावे. श्रमिकाच्या पोराने मजुरी मागितली की त्याला डाग म्हणावे. तेव्हा उपाय मागे जाण्यात नाही. सरदाराची सचोटी सरदारकीपासून वेगळी काढून कामगाराच्या पोराच्याही आवाक्यात आणणे, हे खरे काम आहे.

दानधर्म की देणे?

सचोटीची उदाहरणे व्यावसायिक काळातही आहेत. १९८२ च्या फ्रेंच स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात १७ वर्षांच्या मॅट्स विलँडरला पंचाने विजयी घोषित केले होते. अर्जेंटिनाच्या होझे लुई क्लर्कचा चेंडू बाहेर पडल्याचा तो निर्णय होता. विलँडरने तो स्वीकारला नाही. चेंडू आत होता, गुण पुन्हा खेळू, असे त्याने सांगितले. गुण पुन्हा खेळला गेला; विलँडरच जिंकला आणि नंतर विजेताही झाला. २००५ मध्ये रोमला अँडी रॉडिकचे नशीब तेवढे थोर नव्हते. फर्नांडो व्हर्डास्कोविरुद्ध तो विजयापासून एका गुणावर होता. व्हर्डास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली, सामना संपला. पण रॉडिकने मातीवरची खूण दाखवून चेंडू आत असल्याचे सांगितले. व्हर्डास्कोने तो सेट जिंकला आणि अखेर सामनाही.

मुंबईकरांना यासारखी गोष्ट क्रिकेटमधली आठवेल. १९८० मध्ये वानखेडे मैदानावरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचाने झेलबाद दिले असता, कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला.

या कथा अभिमानाने सांगितल्या जातात, आणि सांगाव्यातही. पण त्या दंतकथा का झाल्या, हेही विचारले पाहिजे. रस्त्यात सापडलेले पाकीट परत करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येते, ते पाकीट ठेवून घेणे हा रिवाज झालेला असतो म्हणून. रॉडिकने व्हर्डास्कोला काही दान दिले नाही. जे व्हर्डास्कोचेच होते, ते त्याला परत केले. दान देणाऱ्याची इच्छा असते. देणे हे देणेच असते. गरिबाचा हक्क धनिकाच्या दयेवर सोपवला की समाजाची जी गत होते, तीच गत प्रतिस्पर्ध्याचा हक्क खेळाडूच्या उदारतेवर सोपवणाऱ्या खेळाची होते. मग अशा खेळात सचोटीचे सत्कार होतात, आणि ती जन्माला येण्याची व्यवस्था मात्र होत नाही. व्यावसायिक पुरुषांच्या संघटनेतर्फे स्टीफन एडबर्गच्या नावाने दरवर्षी खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला जातो. उत्तम! पण जे कर्तव्य म्हणून सर्वांना सांगायचे, ते बक्षीस म्हणून एकाला देऊन भागत नाही.

विशेष म्हणजे पंचच नसतो, तेथे टेनिस हे कर्तव्य मानते. अमेरिकेत पंचाविना होणाऱ्या सामन्यांसाठी जी आचारसंहिता आहे, तिच्याप्रमाणे चेंडूचा अंगाला झालेला स्पर्श, जाळ्याला लागलेला धक्का किंवा पडलेले दोन टप्पे खेळाडूने स्वतःहून सांगावयाचे असतात. शाळकरी मुलगी ओसाड कोर्टावर ज्या सत्याला बांधलेली आहे, त्या सत्यातून कोट्यधीश खेळाडू पंच समोर बसल्याबरोबर मोकळा होतो! पंच नेमला तो न्याय अधिक चोख व्हावा म्हणून. प्रत्यक्षात तो खेळाडूच्या सदसद्विवेकाचा बदली कामगार झाला आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, चुका दोन्ही बाजूंनी होतात आणि कालांतराने हिशेब बरोबर जुळतो. हा युक्तिवाद पंचाच्या दृष्टिदोषाला लागू पडेल. ठाऊक असून धरलेल्या मौनाला नाही. वाण्याचा काटा कधी इकडे तर कधी तिकडे झुकत असेल, तर ती काट्याची चूक. पण चुकून हाती आलेली जास्तीची मोड ओळखून मुठीत धरणे ही गिऱ्हाइकाची चूक नव्हे, लबाडी आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२५ च्या विम्बल्डनला एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड होते आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ६६ हजार. खालच्या पायरीवरील आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर सर्व खेळाडूंत मिळून वाटण्याची रक्कम १५ हजार डॉलर असते. त्यातून प्रवास, मुक्काम आणि प्रशिक्षक यांचा खर्च भागवायचा. अशा खेळाडूला एक गुण म्हणजे कधी पुढच्या गावचे तिकीट असते. त्याला रॉडिकचा दाखला देऊन उपदेश करणे म्हणजे भरल्या पोटी उपवासाचे माहात्म्य सांगणे होय. पण यातून निष्पन्न काय होते? सचोटी सोडावी, हे नव्हे. बक्षिसांची ही उतरंड मोडावी, हे. शिवाय, लपवलेला गुण येतो कोणाच्या ताटातून? स्पर्धेच्या मालकाच्या नव्हे, दूरचित्रवाणी कंपनीच्या नव्हे. तो येतो जाळ्यापलीकडे उभ्या असलेल्या, तितक्याच ओढग्रस्तीतल्या दुसऱ्या खेळाडूच्या ताटातून. कामगाराने कामगाराची मजुरी उचलणे, याला व्यवहार म्हणत नाहीत. खेळाडूंची स्वतंत्र संघटना २०२० मध्ये स्थापन झाली आणि २०२५ मध्ये तिने खेळाच्या सत्ताधारी संस्थांना न्यायालयात खेचले. तिचा झगडा रास्त आहे. पण प्रतिस्पर्धी हा त्याच धंद्यातला सहकारी आहे, ही जाणीव कोर्टावर उतरत नसेल, तर कचेरीतली एकजूट पोकळच राहणार.

पैसा आला की सचोटी जातेच, असे म्हणणाऱ्यांनी गोल्फकडेही पाहावे. तो काही श्रमिकांचा खेळ नव्हे आणि त्यात बक्षिसेही थोडी नाहीत. तरीही स्वतःचा दंड स्वतः लावून घेणे ही तेथे खेळाडूची नियमाने ठरलेली जबाबदारी आहे. १९२५ च्या अमेरिकन स्पर्धेत बॉबी जोन्सने चेंडू किंचित हलल्याचे स्वतःच सांगून एका फटक्याचा दंड ओढवून घेतला. बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत तो हरला. जोन्स हौशी होता. पण तोच नियम आजच्या व्यावसायिकांनाही बांधतो. माणसे तीच, नियमाची अपेक्षा बदलली की त्यांचे वागणे बदलते.

तिसरा आक्षेप नव्या युगाचा आहे. यंत्रे आली आहेत, ती सारे पाहतील. मग कबुलीजबाबाची गरजच काय? २०२५ पासून पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावर रेषांचे निर्णय यंत्राकडे गेले आणि विम्बल्डननेही १४७ वर्षांची परंपरा मोडून रेषापंचांना निरोप दिला. त्याच वर्षी, त्याच विम्बल्डनच्या मुख्य कोर्टावर अनास्तासिया पावल्युचेन्कोवा आणि ब्रिटनची सोने कार्टल यांच्या सामन्यात कार्टलचा एक चेंडू रेषेबाहेर पडला आणि यंत्र मुके राहिले. कोर्टाच्या त्या भागातली यंत्रणा चुकून बंद केली गेली होती. पावल्युचेन्कोवाला गेम मिळवून देणारा तो गुण पंचाने पुन्हा खेळायला लावला. तो गेम तिने गमावला. सामना अखेरीस तिनेच जिंकला, म्हणून आयोजकांची क्षमायाचना स्वस्तात पटली. यंत्र बंद पडल्यावर डोळे, पंच आणि दोन जाणत्या खेळाडू हे सारे जागच्या जागी होते. पण यापैकी कोणाचाही शब्द निर्णयाला पुरेसा मानला गेला नाही. यंत्र चुकले, हे दुःख लहान आहे. यंत्र येण्याआधीच माणसांनी आपली साक्ष देण्याची सवय सोडली होती, हे दुःख मोठे आहे.

यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. रेषेवरचा चेंडू माणसाच्या डोळ्यापेक्षा ते नेमका टिपते आणि दुबळ्या खेळाडूलाही बड्या नावाइतकाच न्याय देते. पण कपड्याला झालेला निसटता स्पर्श, रॅकेटच्या कडेचा कंप यांचा पहिला आणि कित्येकदा एकमेव साक्षीदार खेळाडूच असतो. चित्रफीत पाहण्याची सोय मोठ्या स्पर्धांत आली आहे. लहान गावांतल्या लहान स्पर्धांत ती लवकर येणार नाही. म्हणजे श्रीमंतांच्या कोर्टावर यंत्राचा न्याय आणि गरिबांच्या कोर्टावर झाकली मूठ, अशी नवी विषमता तेवढी पदरात पडेल.

काय करावे?

उपाय साधा आहे. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक वाक्य घालावे: जो नियमभंग आपल्या हातून झाल्याचे खेळाडूला निश्चित ठाऊक आहे, तो त्याने तत्क्षणी सांगितला पाहिजे. शंका असेल तेथे सक्ती नको. माणसाला जे कळले नाही, त्याचा जाब विचारता येत नाही. पंचाला संशय आल्यास त्याने खेळाडूला सरळ प्रश्न विचारावा आणि खेळाडूने उत्तर द्यावे. ते उत्तर उघडपणे खोटे ठरले, तर रॅकेट आपटल्याबद्दल होते त्याहून कडक शिक्षा व्हावी. हा नियम मोडला जाईल का? जाईल. चोरीविरुद्धचा कायदाही मोडला जातो. म्हणून कोणी चोरीला कौशल्य म्हणत नाही. आज मौन धरणाऱ्याला निदान स्वतःशी तरी ‘मी नियमाबाहेर गेलो नाही’ असे म्हणता येते. नियम झाल्यावर ती सोय उरणार नाही. आणि खरे सांगणारा एकटा पडणार नाही. जे सर्वांवर बंधनकारक आहे, ते पाळणाऱ्याला कोणी भाबडा म्हणत नसते.

नियमाच्या जोडीला बक्षिसांची न्याय्य वाटणी आली पाहिजे आणि मुलांच्या प्रशिक्षणात सर्व्हिसइतकाच या गोष्टीचा सराव झाला पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाने चेंडूचे दोन टप्पे पडल्याचे सांगून गुण सोडला, तर प्रशिक्षकाने त्याला ‘वेडा आहेस’ म्हणावे की त्याच्या पाठीवर थाप द्यावी, यावर पुढच्या पन्नास वर्षांचे टेनिस ठरणार आहे.

ज्या समाजात न पकडला गेलेला माणूस निर्दोष मानला जातो, तेथे पहारेकरी कितीही वाढवले तरी पुरे पडत नाहीत. कारण मग प्रत्येक पहारेकऱ्यावर आणखी एक पहारेकरी लागतो. टेनिसने पंच नेमले, रेषापंच नेमले, यंत्रे बसवली, यंत्रांवर देखरेख करणारे नेमले, आणि तरीही विम्बल्डनच्या मुख्य कोर्टावर उघड बाहेर पडलेला चेंडू निर्णयावाचून राहिला. नेमायचा राहिला आहे तो एकच पंच. त्याला पगार लागत नाही आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. त्याला बोलण्याची परवानगी पुरेशी नाही. बोलणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे नियमाने एकदा लिहून ठेवले पाहिजे.